जुन्या जीपला टायर कोणते टाकायचे? ६.००-१६ पासून ३१ इंचापर्यंतचं गणित

नवा फोन घेताना आपण प्रोसेसर बघतो, रॅम बघतो, बॅटरी किती एमएएच ते बघतो, चार रिव्ह्यू बघतो. पण जुन्या गाडीला टायर घ्यायची वेळ आली की दुकानात जाऊन विचारतो, "दादा, यातला चांगला कुठला?" टायरच्या कडेवर त्याची अख्खी स्पेसिफिकेशन शीट छापलेली असते, फक्त ती वाचायची सवय आपल्याला नसते. आज ती वाचायला शिकू, आणि उदाहरण म्हणून घेऊ आपल्याकडची सगळ्यात ओळखीची जुनी ऑफ-रोड गाडी, म्हणजे विलीजच्या वंशातली महिंद्राची सीजे-३बी जीप.

उदाहरण हेच का? एक तर १९४०च्या दशकाच्या शेवटी महिंद्राने विलीज जीपची जोडणी मुंबईत सुरू केली आणि पुढे सीजे-३बी अनेक वर्षं इथेच बनवली. त्यामुळे गावोगावी ही गाडी अजून सापडते. कुणाच्या वाड्यात, कुणाच्या गोठ्याशेजारी, तर कुणी सैन्याच्या लिलावातून आणलेली. दुसरं कारण घरचं आहे. जुन्नरकडे माझ्या मामांची १९६७ची जीप आहे. यंदा तिचे पाचही टायर बदलायचे ठरले आणि घरात दोन पक्ष पडले. मामेभावाला ३१ इंची जाड मड टायर हवेत. मामा म्हणतात, "मला ती घेऊन शेतावर आणि वरच्या वाडीला जायचंय, रील काढायला नाही." मी सॉफ्टवेअरवाला, तेव्हा हिशोबाचं काम माझ्याकडे आलं. तो हिशोबच इथे मांडतोय.

आधी टायर वाचायला शिका

या जीपचा मूळ टायर म्हणजे ६.००-१६. टायरवाले याला "सहाशे सोळा" म्हणतात. ६.०० म्हणजे टायरची रुंदी साधारण ६ इंच, १६ म्हणजे रिमचा व्यास १६ इंच. मधल्या रेषेचा अर्थ असा की टायर क्रॉस-प्लाय आहे. आपल्याकडे दुकानात त्यालाच "नायलॉन" म्हणतात. त्या जागी आर अक्षर असेल तर टायर रेडियल.

आजकालच्या टायरवर मात्र २३५/७५ आर १५ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, तोही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे टायरची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच आहे ते. शेवटचा रिमचा व्यास, तो मात्र इंचात. एकाच आकड्यात मिलिमीटर, टक्के आणि इंच! असा डेटा फॉरमॅट आमच्या ऑफिसात कुणी पाठवला असता तर कोड रिव्ह्यूमध्ये पास झाला नसता.

एकूण व्यास काढायचा तर: २३५ च्या ७५ टक्के म्हणजे १७६.२५ मिमी. भिंत वर आणि खाली अशी दोनदा येते, म्हणून ३५२.५. त्यात १५ इंच रिम म्हणजे ३८१ मिमी मिळवा. झाले ७३३.५ मिमी, म्हणजे जवळजवळ २८.९ इंच. मूळ ६.००-१६ चा व्यास कंपनी आणि नक्षीप्रमाणे २८ ते २९ इंच भरतो. म्हणजे आकडे वेगळे दिसले तरी हे दोन टायर उंचीला जवळपास सारखेच आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

साइजच्या पुढे लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर असतं. लोड इंडेक्स ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. वेगाचं अक्षर क्यू असेल तर ताशी १६० किमी, एस असेल तर १८०. जीप स्वतः सुमारे एक टनाची. माणसं आणि सामान धरून दीड टन म्हणा, आणि त्यातला जास्त भार मागच्या एक्सलवर येतो. म्हणजे भाराच्या बाबतीत बहुतेक टायर पुरून उरतात. म्हणून "८ पीआर घ्या, ६ पीआरपेक्षा मजबूत" असं दुकानदार म्हणाला तर लगेच मान डोलावू नका. पीआर म्हणजे प्लाय रेटिंग. ते जितकं जास्त तितका टायर कडक, आणि रिकाम्या जीपमध्ये कडक टायरवर बसलं की पाटे कशाला दिलेत असा प्रश्न पडतो. रोज शेतमाल वाहणार असाल तर गोष्ट वेगळी.

सहाशे सोळातला सापळा

हा भाग नीट वाचा, कारण इथे चूक झाली तर ती सरळ जिवावर बेतू शकते.

६.००-१६ हा साइज ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही चालतो, आणि ग्रामीण महाराष्ट्रात सहाशे सोळा मागितला की बऱ्याचदा समोर तोच येतो. आम्हालाही एका दुकानात पहिल्यांदा तोच दाखवला. किंमत बरी, साइज बरोबर, रिमवर बसतोही. वरवर बघता काहीच चुकीचं दिसत नाही. पण त्याच्यावर मधोमध गोल फिरणाऱ्या तीन उंच पट्ट्या असतात आणि कडेवर एफ-२ असं लिहिलेलं असतं. हा टायर नांगरलेल्या शेतात स्टिअरिंग वळावं म्हणून बनवलेला आहे. त्याच्यावर वेगाचं चिन्ह ए६ किंवा ए८ असेल तर मर्यादा अनुक्रमे ताशी ३० आणि ४० किमी. हायवेला जीप ६० ने चालली की हा टायर त्याच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. सतत तापतो, आणि ओल्या डांबरावर ब्रेक लावला तर त्या तीन पट्ट्या काय पकडणार?

म्हणून दुकानात साइज सांगून थांबू नका. "जीपचा, रस्त्यावर चालणारा" असं म्हणा आणि कडेवरचं चिन्ह स्वतः वाचा. बैलगाडीच्या टायरवर एडीव्ही असं लिहिलेलं असतं, तोही आपल्या कामाचा नाही. आयएसआय मार्क आहे का तेही बघा.

वय बघा, नक्षी नंतर

जुनी गाडी वर्षाला किती चालते? मामांची जीप दोन हजार किमीच्या आत. या हिशोबाने टायर कधी घासून संपणारच नाही. तो म्हातारा होऊन संपेल. रबर उन्हाने, हवेने कडक होतं, नक्षीच्या फटींमध्ये आणि कडेला बारीक भेगा पडतात. नक्षी मात्र नव्यासारखी दिसत राहते. जुन्या जीपच्या बाबतीत हीच सगळ्यात फसवी गोष्ट आहे, आणि सेकंड-हँड ॲपवर "टायर ९० टक्के" असं लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा याच नक्षीबद्दल लिहिलेलं असतं.

टायरच्या कडेवर चार आकड्यांचा तारखेचा कोड शोधा, तो बहुधा लांबट गोलात असतो. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कोड तीनच आकड्यांचा असेल तर टायर २००० सालाआधीचा आहे, तो फक्त झोपाळा करायच्या लायकीचा. कोड अनेकदा एकाच बाजूला असतो, त्यामुळे बसवलेल्या टायरवर तो आतल्या बाजूला गेलेला असू शकतो. फोन चाकाखाली धरा, टॉर्च समोरून न मारता कडेने तिरका मारा आणि फोटो काढा. काळ्यावर काळी अक्षरं तिरक्या प्रकाशात लगेच उठून दिसतात. ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्याकडून या कोडचाच फोटो मागवा. तो टाळाटाळ करत असेल तर तुम्हाला उत्तर मिळालेलं आहे.

पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करून घ्यायची आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, टायर काढायचा, असा सल्ला अनेक टायर कंपन्याही देतात. आणि नक्षीची मर्यादा म्हणाल तर फटींच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी घासून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे १.६ मिमी उरली, की संपलं.

३१ इंची टायर: भारी दिसतात, मग अडचण काय?

आता मामेभावाचा मुद्दा. ३१ इंची टायरवर जीप जबरदस्त दिसते, हे मलाही मान्य आहे. पण आकडे काय म्हणतात?

मूळ टायर २८.५ इंची धरू. ३१ म्हणजे जवळजवळ ९ टक्के मोठा. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा खरा वेग ६५ च्या वर असेल. हे तितकं गंभीर नाही, फोनच्या जीपीएसवर खरा वेग कळतो. खरी गडबड गिअरिंगमध्ये आहे. विलीजच्या मूळ आकड्यांप्रमाणे या जीपचा एक्सल रेशो ५.३८, पहिला गिअर २.८ आणि लो रेंज २.४६. तिन्हींचा गुणाकार साधारण ३७. इंजिन ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. जेमतेम सत्तर हॉर्सपॉवरची गाडी खडी चढण रांगत चढते ती या आकड्याच्या जिवावर. ३१ इंची टायर टाकला की हाच आकडा ३४ असल्यासारखा वागतो. म्हणजे ऑफ-रोडसाठी टायर टाकला आणि ऑफ-रोडचीच ताकद कमी केली. (तुमच्या जीपमध्ये नंतर डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर आकडे बदलतील, पण टक्केवारी तीच.)

ब्रेकचंही तेच. चारही चाकांना छोटे ड्रम, बूस्टर नाही, सगळा जोर आपल्या पायाचा. चाक मोठं झालं की तोच पाय, तोच ड्रम, पण जमिनीवर लागणारी ब्रेकची ताकद ८ टक्के कमी. शिवाय चाक जड. घाट उतरताना हे ८ टक्के कुठून आणणार?

बदल्यात मिळतं काय, तर एक्सलखाली सव्वा इंच जास्त जागा. कारण व्यास अडीच इंच वाढला तरी एक्सल त्याच्या निम्माच वर जातो. आणि १०.५ इंच रुंद टायर पूर्ण वळवल्यावर पुढच्या पाट्यांना घासतो. ते टाळायला लोक बाहेर काढलेले रुंद रिम बसवतात. मग चाक किंगपिनपासून लांब जातं, बेअरिंगवर ताण येतो आणि प्रत्येक खड्ड्याला स्टिअरिंग हाताला हिसका देतं. पॉवर स्टिअरिंग नाही हे विसरू नका. एका टायरमागे रिम, बेअरिंग, ब्रेक, एक्सलचे गिअर अशी सगळी साखळी बदलावी लागते. ती बदलायची तयारी आणि पैसा असेल तर जरूर करा, अशा सुरेख गाड्या मी पाहिल्या आहेत. फक्त टायर बदलून थांबणार असाल तर नको.

ज्यांची गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आहे आणि २०२१च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे, त्यांनी आणखी एक बघावं. तिथे गाडी मूळ स्वरूपात असणं ही अट आहे, आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनमधला बदल अडचणीचा ठरतो. मोठ्या टायरसाठी बॉडी कापायला घेण्याआधी याचा विचार करा. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, म्हणून मामांनी त्या वाटेला जायचं नाही असं ठरवलंय.

नायलॉन की रेडियल?

इथे मात्र दोन्ही बाजूंना दम आहे.

सह्याद्रीतल्या वाटा म्हणजे काळ्या दगडाची धारदार खडी. नायलॉन टायरची भिंत जाड असते, दगडाने सहज कापली जात नाही. आणि अरुंद टायर चिखलात वरचा पातळ थर कापून खालच्या घट्ट जमिनीवर टेकतो. जुन्या जीपचे ते सायकलसारखे टायर बघून हसू येतं, पण पावसाळ्यात वाडीच्या रस्त्यावर ते का चालतात याचं कारण हे आहे. रुंद टायर वाळूत बरा, कारण तिथे खाली घट्ट काही नसतंच. आपल्या काळ्या मातीचा प्रश्न वेगळा आहे. ती नक्षीत चिकटून बसते आणि टायर गुळगुळीत लाडू होतो. तिथे नक्षीमधल्या फटी मोठ्या हव्यात, म्हणजे चाक फिरताना माती झटकली जाते.

महायुद्धातल्या जीपसारखी दिसणारी आडव्या पट्ट्यांची मिलिटरी नक्षी अनेकांना आवडते. फोटोत तिला तोड नाही. पण ती डांबरावर घुमते, आणि ओल्या रस्त्यावर तिची पकड कमी असते. प्रदर्शनाच्या गाडीला ठीक, पावसात घाट करणाऱ्या गाडीला मी देणार नाही.

नायलॉनचा तोटा असा की गाडी आठवडाभर उभी राहिली की टायर खालून चपटा बसतो. पहिले काही किलोमीटर धडधडत जातात, मग गरम होऊन तो गोल होतो. रस्त्यावरच्या चाकोऱ्यांमध्ये गाडी आपोआप ओढली जाते. रेडियल इथे उजवा: हायवेवर सरळ, पावसात पकड चांगली, आयुष्यही जास्त.

पण रेडियलसाठी रिम बदलावा लागतो. जीपचा मूळ रिम ४.५ इंच रुंद आहे, तर २३५/७५ आर १५ ला साधारण ६ ते ८ इंच रुंद रिम लागतो. जीपच्या चाकाला पाच नट, ५.५ इंच म्हणजे १३९.७ मिमीच्या वर्तुळावर. मारुती जिप्सीचंही माप हेच, म्हणून जिप्सीचे १५ इंची रिम जीपवर दिसतात. तरीही मधलं भोक आणि रिम किती आत-बाहेर बसतो ते प्रत्यक्ष लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. उंची मूळ टायरइतकीच राहत असल्यामुळे गिअरिंग आणि ब्रेकचं वरचं गणित बिघडत नाही, हा या पर्यायाचा मोठा फायदा.

आणि जुन्या रिमवर ट्यूबलेस बसवू नका. टायरची कड जागेवर धरून ठेवणारा उंचवटा त्या रिमला नसतो, आणि रिव्हेटवाल्या रिममधून हवाही गळते. ट्यूब हवीच. ट्यूब असल्यामुळेच चिखलात हवा फार कमी करू नका. टायर रिमवर सरकला की ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून तुटतो.

पाच टायर, एकच साइज

"पुढचे दोन अजून चांगले आहेत, मागचेच बदलू," हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. साध्या गाडीत चालून जाईल, फोर व्हील जीपमध्ये नाही. या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये डिफरेन्शियल नसतं. फोर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले, दोघांना सारखंच फिरावं लागतं.

समजा मागे २३५/७५ आर १५ आहेत आणि पुढे २१५/७५ आर १५. मागचं चाक एका किलोमीटरला ४३४ वेळा फिरतं, पुढचं ४५२ वेळा. फरक १८ फेऱ्यांचा. एक्सल रेशोने गुणा, शाफ्टला जवळपास १०० फेऱ्यांचा फरक पडला. एका किलोमीटरमध्ये! चिखलात चाकं घसरून हा फरक जिरून जातो. डांबरावर जिरायला जागा नसते. मग लिव्हर अडकतो, टायर खरवडले जातात किंवा एखादा गिअर जीव सोडतो. साइज सारखा पण एक जोडी कोरी आणि दुसरी ८ मिमी घासलेली असेल तरी ५० फेऱ्यांच्या वर फरक येतो. नायलॉन आणि रेडियल मिसळायचे नाहीत हे वेगळं सांगायला नको. आणि स्टेपनीही त्याच साइजची. ती जिथे लागते तिथे फोरचीही गरज असते.

कॅल्क्युलेटर ॲपवर पूर्ण भरवसा ठेवू नका, कारण वजनाखाली टायर दबतो. टायरवर खडूने रेघ मारा, गाडी सपाट जागेवर बरोबर एक फेरी ढकला आणि अंतर टेपने मोजा. चारही चाकांचं मोजा. पाच मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही ॲपपेक्षा खरं.

मामांनी शेवटी सहाशे सोळाच घेतले, ६ पीआर, मोठ्या फटींची नक्षी, पाचही एकाच महिन्यातले. घ्यायच्या आधी मेकॅनिककडून पुढची चाकं उचलून, वर-खाली धरून हलवून घेतली. किंगपिनमध्ये खेळ निघाला, तो आधी काढला. स्टिअरिंग थरथरतं म्हणून लोक टायर बदलतात आणि थरथर तशीच राहते, ती बहुधा यामुळे.

बसवायला नेताना टायरवाल्याला एक गोष्ट आधीच सांगा. विलीजच्या वंशातल्या अनेक जुन्या जीपना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. नेहमीच्या दिशेने फिरवले तर ते सुटण्याऐवजी आणखी घट्ट होतात. बोल्टवर एल हे अक्षर आहे का बघा. माहीत नसलेला मुलगा एअर गन लावतो आणि बोल्टच तोडतो. पाना हातानेच लावायला सांगा, आणि शंभरेक किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा एकदा आवळून घ्या.